विश्लेषण : इंजिनातली टकटक थांबवणारे तेल आणि ३९ वर्षे जगलेला पास्कल

सकाळी गाडी सुरू केली की कधी कधी बॉनेटखालून बारीक टकटक ऐकू येते. दोन-तीन सेकंदांत ती आपोआप थांबते. ती थांबवायला कुणी पाना फिरवत नाही. इंजिनाच्या हेडमध्ये बसवलेल्या बोटभर नळकांड्यांमध्ये तेल भरते आणि काम होते. या नळकांड्यांना हायड्रॉलिक टॅपेट म्हणतात. त्यातले तेल ज्या नियमाने वागते, तो नियम फ्रान्समधील ब्लेझ पास्कल याने १६५४ च्या सुमारास लिहून ठेवला होता. तो छापून आला तेव्हा पास्कल हयात नव्हता. पास्कल कोण होता आणि त्याचा नियम आजच्या कारमध्ये काय करतो, ते समजून घेऊ.

टकटक नेमकी कशाची?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह असतात. कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरतो, त्यावरचे अंडाकृती कॅम व्हॉल्व्ह दाबून उघडतात आणि स्प्रिंग ते पुन्हा बंद करते. हा दांडा सिलिंडरच्या वर, हेडमध्ये असेल तर ते ओव्हरहेड कॅम इंजिन. आजच्या बहुतेक कारची इंजिने याच प्रकारची आहेत. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे टॅकोमीटरवर ३००० चा आकडा असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि बंद होतो.

अडचण आहे ती उष्णतेची. इंजिन तापले की व्हॉल्व्हचा दांडा लांबीने किंचित वाढतो. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागाच ठेवली नसेल, तर वाढलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. जळते वायू निसटतात, कॉम्प्रेशन जाते आणि व्हॉल्व्हची कड जळते. म्हणून जुन्या पद्धतीत साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवतात. मेकॅनिक फीलर गेजची पत्ती सरकवून ती मोजतो. टॅपेट सेट करणे म्हणतात ते हेच. फट वाढली की धातूवर धातू आपटतो आणि टकटक येते. फट नाहीशी झाली तर आवाज येत नाही, पण नुकसान जास्त होते.

म्हणजे इंजिनाला अशी एक वस्तू हवी होती, जी व्हॉल्व्ह उघडताना पोलादासारखी कडक राहील आणि व्हॉल्व्ह बंद असताना हवी तेवढी लांब किंवा आखूड होईल. अडकवून ठेवलेले तेल या दोन्ही गोष्टी करू शकते. ते का, याचे उत्तर पास्कलकडे आहे.

पास्कल कोण होता?

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी मध्य फ्रान्समधील क्लेरमाँ गावात झाला. तो तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन हे करविषयक न्यायालयात मोठे अधिकारी होते आणि गणिताचे चांगले जाणकार. थोरली बहीण जिल्बेर्त, धाकटी जाकलीन. १६३१ मध्ये वडील तिन्ही मुलांना घेऊन पॅरिसला आले. त्यांनी मुलाला शाळेत घातले नाही, घरीच शिकवले. आधी लॅटिन आणि ग्रीक पक्के व्हावे, गणित पंधराव्या वर्षानंतर, असा त्यांचा बेत होता. त्यामुळे गणिताची पुस्तके मुलाच्या नजरेआड ठेवलेली असत.

बेत फसला. जिल्बेर्तने पुढे लिहिलेल्या चरित्रानुसार, बारा वर्षांचा ब्लेझ कोळशाने फरशीवर आकृत्या काढत बसे. रेषा, वर्तुळ यांची नावेही त्याला माहीत नव्हती, म्हणून त्याने आपलीच नावे ठेवली होती. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी होते, इथपर्यंत तो एकट्याने येऊन पोहोचला. वडिलांनी ते पाहिले आणि युक्लिडचे पुस्तक त्याच्या हातात दिले. पुढे ते त्याला पॅरिसमधील मेर्सेन या धर्मगुरूकडे जमणाऱ्या विद्वानांच्या बैठकीत नेऊ लागले. १६४० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने शंकुच्छेदांवर एक छोटे पत्रक छापले. त्यातले षटकोनाचे प्रमेय आजही त्याच्या नावाने शिकवले जाते.

वडिलांसाठी गणकयंत्र का बनवले?

मधल्या काळात घरावर संकट आले होते. सरकारने रोख्यांवरचे व्याज थकवले, एतिएन यांनी इतरांबरोबर निषेध केला आणि सर्वसत्ताधीश मंत्री रिशल्यू यांचा रोष ओढवला. अटक टाळण्यासाठी त्यांना पॅरिस सोडून लपावे लागले. त्यांची सुटका केली ती धाकट्या जाकलीनने. १६३९ मध्ये रिशल्यू यांच्यासमोर मुलांचे एक नाटक झाले. त्यात तिने काम केले आणि नंतर वडिलांसाठी माफी मागितली. माफी तर मिळालीच, शिवाय एतिएन यांना रुआँ शहरात कर आकारणीचे मोठे पद मिळाले.

ते पद म्हणजे रात्री-रात्री चालणारी आकडेमोड. फ्रान्सचे चलन तेव्हा दशमान नव्हते. बारा दनिएचा एक सू, वीस सूंचा एक लिव्र. आपल्याकडच्या जुन्या रुपये-आणे-पैच्या हिशेबासारखाच हा किचकट प्रकार. वडिलांचे हाल पाहून पास्कलने १६४२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र बनवायला घेतले. खरी अडचण होती हातच्याची. नऊवरून शून्यावर जाताना पुढचे चाक एका घराने सरकायला हवे, पण अशी पाच-सहा चाके एकदम ढकलायला बोटाचा जोर पुरत नाही. पास्कलने प्रत्येक चाकाला एक छोटे वजन जोडले. चाक फिरताना ते हळूहळू वर उचलले जाई, नऊच्या पुढे जाताच खाली पडे आणि पुढचे चाक ढकलून देई.

तीन वर्षांत सुमारे पन्नास नमुने झाले. १६४५ मध्ये यंत्र लोकांसमोर आले आणि १६४९ मध्ये ते बनवण्याचा विशेष हक्क राजाकडून मिळाला. मात्र यंत्र महाग होते आणि हाताने बनवायला अवघड. वीसच्या आसपास यंत्रे बनली, धंदा काही झाला नाही. याच वर्षांत त्याची तब्येत बिघडली. डोकेदुखी आणि पोटदुखीने त्याची पाठ नंतर कधी सोडली नाही.

डोंगरावर पाऱ्याची नळी कशाला नेली?

१६४६ मध्ये रुआँला आलेल्या एका पाहुण्याकडून पास्कलला इटलीतील टॉरिचेलीच्या प्रयोगाची माहिती मिळाली. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, तर पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबतो आणि वर मोकळी जागा राहते. त्या जागेत काय आहे? निसर्गात पोकळी असूच शकत नाही, हे तेव्हाच्या विद्यापीठांत पक्के मानले जात होते. काहींच्या मते तिथे द्रवाची वाफ होती.

रुआँमध्ये काच कारखाने चांगले होते. पास्कलने ४६ फूट लांबीच्या नळ्या बनवून घेतल्या आणि डोलकाठीला बांधून उभ्या केल्या. एकीत पाणी, दुसरीत तांबडी वाइन. वाफेचा सिद्धांत खरा असता तर जास्त उडणारी वाइन खाली राहायला हवी होती. प्रत्यक्षात वाइन पाण्यापेक्षा किंचित वर राहिली, कारण ती पाण्यापेक्षा हलकी आहे. म्हणजे हा सगळा तराजूचा खेळ होता. नळीतल्या द्रवाचे वजन बाहेरच्या हवेच्या वजनाने तोलले जात होते.

हवेला वजन असेल तर उंचावर हवा कमी, म्हणून पाराही कमी चढायला हवा. क्लेरमाँजवळ प्यूई द दोम हा १४६५ मीटर उंचीचा डोंगर आहे. पास्कल आजारी होता आणि पॅरिसमध्ये होता. त्याने जिल्बेर्तचे पती फ्लोरिन पेरिए यांना पत्र लिहून प्रयोग सोपवला. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए काही मंडळींसह डोंगर चढले. एक नळी खाली मठाच्या बागेत ठेवली होती आणि एक साधू दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होता. तिच्यातला पारा हलला नाही. शिखरावरच्या नळीत मात्र तो सुमारे साडेआठ सेंटिमीटरने खाली आला. पास्कलने मग पॅरिसमध्ये सेंट जॅक चर्चच्या मनोऱ्यावर हीच मोजणी केली. तिथेही फरक दिसला, मनोऱ्याच्या उंचीप्रमाणे लहान. या प्रयोगाची कल्पना आधी कुणाची, यावरून त्याचा आणि देकार्तचा वाद झाला, पण निकालाबद्दल शंका उरली नाही.

पास्कलचा नियम काय सांगतो?

हवेवरून तो द्रवांकडे वळला. द्रवांच्या समतोलावर त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात एका भांड्याचे वर्णन आहे. भांडे पाण्याने काठोकाठ भरलेले आणि सगळीकडून बंद. त्याला दोन तोंडे, एक दुसऱ्याच्या शंभर पट मोठे. दोन्हींत घट्ट बसणारे दट्टे. लहान दट्ट्यावर एका माणसाने जोर लावला, तर मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तो तोलून धरतो. कारण बंदिस्त द्रवावर टाकलेला दाब कुठेही कमी न होता सगळ्या दिशांना सारखाच पोहोचतो.

यात फुकट काही मिळत नाही, हेही त्याने स्पष्ट केले. मोठा दट्टा एक इंच उचलायचा तर लहान दट्टा शंभर इंच दाबावा लागतो. पंक्चर काढताना वापरला जाणारा हायड्रॉलिक जॅक, गाडीचे ब्रेक, रस्ता खोदणारा जेसीबी हे सगळे या हिशेबावर चालतात. अकरावी-बारावीच्या पुस्तकात हा नियम तीन ओळींत असतो. पास्कलच्या हातून मात्र हा ग्रंथ छापला गेला नाही.

ग्रंथ पडून का राहिला?

सप्टेंबर १६५१ मध्ये वडील गेले. काही महिन्यांत जाकलीनने पोर-रोयालच्या मठात जोगीण होण्याचा निर्णय घेतला. खरे तर त्या धर्मपंथाकडे घर वळले ते १६४६ मध्ये. वडील बर्फावर घसरून मांडीचे हाड मोडले, तेव्हा उपचाराला आलेल्या दोघा भावांमुळे. त्यात आघाडीवर पास्कलच होता. पण बहीण खरोखर घर सोडून निघाली तेव्हा त्याने विरोध केला. तिचा वाटा मठाला द्यायलाही त्याने आधी नकार दिला. जाकलीनला याचा मोठा त्रास झाला. शेवटी त्याने रक्कम दिली.

१६५४ हे वर्ष कामाच्या दृष्टीने सर्वात मोठे ठरले. अर्धवट सुटलेल्या जुगाराच्या डावातील पैसे कसे वाटावेत, या प्रश्नावर त्याचा आणि फेर्माचा पत्रव्यवहार झाला. संभाव्यतेचे गणित त्यातून उभे राहिले. विमा कंपन्यांचे हिशेब आज त्यावर चालतात. त्याच वर्षी त्याने आकड्यांच्या त्रिकोणावर ग्रंथ लिहिला. पास्कलचा त्रिकोण म्हणून तो ओळखला जातो. आपल्याकडे हाच त्रिकोण मेरुप्रस्तार या नावाने दहाव्या शतकातील हलायुधाच्या छंदशास्त्रावरील टीकेत आहे.

२३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री पास्कलला एक उत्कट धार्मिक अनुभव आला. त्याने तो एका कागदावर लिहिला आणि कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. कोट बदलला की तो कागद नव्या कोटात शिवला जाई. हे त्याने कुणाला सांगितले नाही. मृत्यूनंतर नोकराच्या हाताला तो लागला. त्या रात्रीनंतर विज्ञान बहुतांशी मागे पडले. द्रवांचा ग्रंथ कागदांच्या गठ्ठ्यात राहिला. १६६३ मध्ये, पास्कलच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, तो छापला गेला. छापून घेणारे होते फ्लोरिन पेरिए, त्याच्यासाठी डोंगर चढलेले मेहुणे.

नियम इंजिनापर्यंत कसा आला?

भांड्याच्या वर्णनातून प्रत्यक्ष यंत्र व्हायला शतकाहून अधिक काळ गेला. इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. दट्ट्याच्या कडेने गळणारे पाणी रोखणे ही तेव्हाची मुख्य अडचण होती. मोटारीच्या इंजिनात तेलाने फट भरून काढण्याची कल्पना फ्रान्समध्येच, १९१० च्या सुमारास, अमेदे बोले या मोटार उत्पादकाने मांडली. १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने आपल्या १६ सिलिंडरच्या इंजिनात व्हॉल्व्हचा आवाज घालवण्यासाठी हायड्रॉलिक यंत्रणा वापरली. ते इंजिन ओव्हरहेड कॅमचे नव्हते, पण तत्त्व हेच होते. १९८० च्या दशकापर्यंत ही पद्धत ओव्हरहेड कॅमच्या साध्या कारमध्येही सर्रास दिसू लागली.

हायड्रॉलिक टॅपेट चालते कसे?

एका बाजूने बंद असलेली पोलादी डबी समजा. तिच्यात एक पोकळ दट्टा अगदी नेमका बसतो. दट्ट्याच्या तळाला छोटे छिद्र आणि त्यावर एकाच दिशेने उघडणारी गोळी. दट्ट्याखाली एक हलकी स्प्रिंग आणि तेलाचा कप्पा. काम तीन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा : कॅमची गोल बाजू समोर असते, व्हॉल्व्ह बंद असतो आणि टॅपेटवर भार नसतो. स्प्रिंग दट्ट्याला वर ढकलते आणि जी काही फट असेल ती भरून काढते. खालच्या कप्प्यातली जागा वाढते, दाब उतरतो, गोळी उघडते आणि ऑइल पंपाकडून आलेले तेल आत शिरते.

दुसरा टप्पा : कॅमचा उंचवटा येतो आणि दाब देतो. कप्प्यातला दाब क्षणात वाढतो आणि गोळी छिद्रावर घट्ट बसते. तेल कोंडले जाते. आता तेलाचा तो छोटा खांब धातूसारखा वागतो आणि व्हॉल्व्ह उघडतो.

तिसरा टप्पा : दट्टा आणि डबी यांच्यात काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी, जागा असते. दाबाखाली तिथून अगदी थोडे तेल झिरपते आणि टॅपेट किंचित आखूड होते. व्हॉल्व्ह तापून लांब झाला तर त्याला लागणारी जागा या गळतीतून मिळते. कॅमची गोल बाजू परत आली की पहिला टप्पा पुन्हा सुरू. फट जास्त असो वा कमी, प्रत्येक फेरीत हिशेब चुकता होतो.

इथे पास्कलचा नियम कुठे दिसतो? समजा दट्ट्याचा व्यास १० मिलिमीटर आहे आणि त्यावर ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ८० किलो वजनाएवढा, भार आला. दट्ट्याचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिलिमीटर. भागाकार केला की कप्प्यातला दाब येतो सुमारे १०० बार. ऑइल पंपाचा दाब असतो जेमतेम दोन ते चार बार. मग १०० बारचे तेल उलटे पंपाकडे का जात नाही? कारण तो दाब सगळ्या दिशांना सारखाच पोहोचतो. जो दाब दट्ट्याला आधार देतो, तोच गोळीला छिद्रावर दाबून धरतो. कॅम जितका जोर लावेल, तितकी गोळी घट्ट बसते. बाहेरून दुसरी कुठलीच कडी लावावी लागत नाही.

ओव्हरहेड कॅम इंजिनात ते कुठे बसते?

मुख्य पद्धती दोन. पहिलीत व्हॉल्व्हच्या डोक्यावर उलट्या वाटीसारखे टॅपेट असते आणि त्याच्या पोटात ही हायड्रॉलिक डबी. कॅम थेट वाटीवर चालतो. रचना सुटसुटीत, पण वाटीबरोबर डबीचे वजनही सतत वर-खाली होते.

दुसरीत बोटासारखा एक छोटा दांडा असतो. त्याचे एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरे हायड्रॉलिक टॅपेटच्या गोल डोक्यावर आणि मध्ये रोलर. कॅम रोलरवर फिरतो. इथे टॅपेट हेडमध्ये एका जागी बसून असते, फक्त टेकू देते. हलणारे वजन कमी आणि घर्षणही कमी, म्हणून नव्या इंजिनांत ही रचना जास्त दिसते. स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत धावलेले फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल याच पद्धतीचे. पुण्याजवळच्या रांजणगावात ते बनत असे.

सगळ्याच गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट नसते. बऱ्याच छोट्या कार आणि दुचाकींत स्क्रू किंवा पातळ चकत्यांनी फट ठेवलेली असते आणि ती ठरावीक किलोमीटरनंतर तपासावी लागते. फार जास्त वेगाने फिरणाऱ्या इंजिनांतही साधे टॅपेट पसंत करतात. तिथे व्हॉल्व्ह कॅमपासून क्षणभर सुटला, तर हायड्रॉलिक टॅपेट त्याला फट समजून भरून टाकते आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. आपल्या गाडीत काय आहे ते मालकाच्या पुस्तिकेत पाहावे.

मग सकाळी आवाज का येतो?

गाडी बंद केली तेव्हा काही कॅम उंचवट्यावरच थांबतात. त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग रात्रभर टॅपेट दाबत राहते आणि तेल हळूहळू झिरपून जाते. सकाळी पंपाचा दाब येईपर्यंत ते टॅपेट रिकामे असते. दोन-तीन सेकंदांची टकटक ही एवढीच. तिला घाबरण्याचे कारण नाही.

आवाज थांबतच नसेल तर पहिला संशय हवेवर घ्यावा. तेल १०० बारखाली एक टक्काही आकसत नाही, हवेचा बुडबुडा मात्र साधारण शंभराव्या हिश्शाएवढा होतो. तेलात हवा मिसळली की टॅपेट कडक राहूच शकत नाही. डिपस्टिकवर तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. खुणेपेक्षा जास्त भरले तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करतो. म्हणून थोडे जास्तच टाका, हा सल्ला ऐकू नये. चुकीच्या ग्रेडचे तेल किंवा वेळेवर न बदललेले तेल असेल, तर मळीने बारीक वाटा बुजतात. टकटकीबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करावी. तो प्रश्न टॅपेटपुरता नसतो.

एका डबीत द्रव आणि हवा यांचा हा फरक सांभाळावा लागतो. पास्कलची विज्ञानातली बरीच वर्षे याच दोन गोष्टींवर गेली होती.

पास्कलचे पुढे काय झाले?

१६५६-५७ मध्ये त्याने टोपणनावाने अठरा पत्रे लिहून पोर-रोयालच्या बाजूने धर्मवादात उडी घेतली. पत्रे चोरून छापली जात आणि हातोहात खपत. पुढे राजाच्या हुकमाने ती जाळण्यात आली. १६५८ मध्ये दाढदुखीने झोप येईना, म्हणून त्याने फिरत्या चाकावरील बिंदूच्या वक्राचे गणित सोडवायला घेतले आणि त्यावर युरोपभरच्या गणितज्ञांसाठी स्पर्धा लावली. धर्मावरचा मोठा ग्रंथ तो लिहीत होता, पण आजारपणामुळे चिठ्ठ्या-चपाट्यांवरच राहिला. त्या टिपणांचे पुस्तक १६७० मध्ये निघाले. ऑक्टोबर १६६१ मध्ये जाकलीन गेली.

त्याचे शेवटचे काम वाहतुकीचे होते. तेव्हा पॅरिसमध्ये स्वतःची घोडागाडी नसलेल्या बहुतेकांना पायी चालावे लागे. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी, गाडी भरलेली असो वा रिकामी, सुटणाऱ्या गाड्यांची योजना पास्कलने ड्यूक रोआने आणि इतर मित्रांसह उभी केली. भाडे पाच सू. १८ मार्च १६६२ रोजी पहिला मार्ग सुरू झाला. शहर बससेवेची ही सुरुवात मानली जाते. गर्दी इतकी, की खुद्द जिल्बेर्तला गाडीत जागा मिळाली नाही आणि पायी घरी जावे लागले. शिपाई, नोकरचाकर आणि हातावर पोट असलेल्यांना मात्र न्यायालयाने या गाड्यांत बसायला मनाई केली. काही वर्षांनी सेवा बंद पडली.

पास्कलला या गाड्यांचे उत्पन्न हवे होते ते ब्लोआ भागातील दुष्काळग्रस्तांसाठी. आपल्या वाट्यातून एक हजार लिव्र आगाऊ मिळावेत म्हणून त्याने प्रयत्न केला. धंद्याचा अंदाज येईपर्यंत थांबा, असे उत्तर मिळाले.

त्या उन्हाळ्यात त्याने एका गरीब कुटुंबाला आपल्या घरात आसरा दिला होता. त्यांच्या मुलाला देवी आल्या. जिल्बेर्त आजारी भावाकडे रोज येई आणि तिच्या मुलांना संसर्गाचा धोका होता. आजारी मुलाला हलवणे पास्कलला पटेना. घर त्या कुटुंबाकडे ठेवून तो स्वतःच बहिणीकडे राहायला गेला. तिथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी त्याचा मृत्यू झाला. वय ३९ वर्षे आणि दोन महिने.

१९७१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने दाबाच्या एककाला पास्कल हे नाव दिले. एक चौरस मीटरवर एक न्यूटन, म्हणजे एक पास्कल. हे एकक फार लहान आहे. टायरमधली ३३ पीएसआय हवा म्हणजे सुमारे २ लाख २७ हजार पास्कल. वरच्या उदाहरणातल्या टॅपेटमध्ये कॅम दाबतो तेव्हाचा आकडा जातो एक कोटीवर. सकाळची टकटक थांबते तेव्हा त्या डबीतले तेल हा दाब पेलू लागलेले असते.